गर्भपाताचा निर्णय आणि पुरुषाचे स्थान

गर्भपातासाठी रुग्णालयात आलेल्या स्त्रीकडून एक संमतिपत्र भरून घेतले जाते. नियमांमध्ये त्याला ‘फॉर्म सी’ असे नाव आहे. स्त्रीचे नाव, ती कोणाची मुलगी अथवा पत्नी, तिचे वय, तिचा पत्ता आणि अखेरीस तिची सही किंवा अंगठा, एवढाच मजकूर त्यावर असतो. पतीच्या सहीसाठी त्या कागदावर जागा ठेवलेली नाही. असे असूनही अनेक दवाखान्यांत ‘नवरा बरोबर आला आहे का?’ असा प्रश्न आधी विचारला जातो, आणि तो आलेला नसेल तर त्या स्त्रीला परत पाठविले जाते.

कायदा जे मागत नाही ते दवाखाना का मागतो? ह्या प्रश्नाच्या मागे आपल्या समाजातील पुरुषाच्या स्थानाविषयीचा एक मोठा प्रश्न दडलेला आहे. गर्भ राहण्यात पुरुषाचा वाटा निम्मा असतो. गर्भ वाहणे, बाळंत होणे अथवा गर्भपात करवून घेणे ह्या गोष्टी मात्र स्त्रीच्या शरीराला सोसाव्या लागतात. तेव्हा निर्णयात पुरुषाचा भाग किती असावा, प्रत्यक्षात तो किती असतो आणि ह्या घटनेचा त्याच्या स्वतःच्या मनावर काय परिणाम होतो, ह्या तीन गोष्टींचा येथे क्रमाने विचार करावयाचा आहे.

कायद्यातील पुरुष

१८६० च्या भारतीय दंड संहितेच्या ३१२ व्या कलमाने, स्त्रीचे प्राण वाचविण्याच्या हेतूवाचून केलेला गर्भपात हा गुन्हा ठरविला. स्वतःचा गर्भ पाडणारी स्त्रीदेखील त्या कलमाच्या कक्षेत येत असे. तो गर्भ ज्या पुरुषापासून राहिला त्याचा मात्र त्यात कोठेही उल्लेख नव्हता. लगतच्या ३१३ व्या कलमात स्त्रीच्या संमतीवाचून तिचा गर्भपात घडवून आणणाऱ्यास जन्मठेपेपर्यंतची शिक्षा सांगितली होती. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत ही दोन कलमे अनुक्रमे ८८ व ८९ ह्या क्रमांकांनी आली आहेत.

स्वातंत्र्यानंतर ह्या कायद्याचे दुष्परिणाम ठळकपणे दिसू लागले. अडलेल्या स्त्रिया अकुशल हातांकडे जात आणि जिवास मुकत. ह्या प्रश्नाचा अभ्यास करण्यासाठी महाराष्ट्रातील मंत्री शांतिलाल शहा यांच्या अध्यक्षतेखाली १९६४ मध्ये एक समिती नेमण्यात आली. तिने १९६६ च्या अखेरीस अहवाल सादर केला. त्यातूनच १९७१ चा वैद्यकीय गर्भपात कायदा निर्माण झाला आणि १ एप्रिल १९७२ पासून तो अमलात आला. विधेयकाच्या उद्देशपत्रिकेत एक लक्षणीय गोष्ट नमूद केलेली होती. अशा मार्गाने जाणाऱ्या बहुसंख्य स्त्रिया विवाहित असून गर्भ लपवून ठेवण्याचे त्यांना काही विशेष कारण नसते, असे तीत म्हटले होते. गर्भपात म्हणजे अनैतिक संबंधांची निष्पत्ती, ही सर्वसाधारण समजूत त्यामुळे निराधार ठरली. हा प्रश्न मुख्यतः संसारी घरांचा होता. म्हणजेच तो पतींचाही होता.

ह्या कायद्याने पतीला कोठे स्थान दिले आहे हे पाहण्यासारखे आहे. संमतीविषयीच्या कलमानुसार सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरेशी असते. ती अठरा वर्षांखालील असेल अथवा मानसिक आजाराने ग्रस्त असेल तरच पालकाची लेखी संमती लागते. पतीच्या संमतीचा तेथे उल्लेखही नाही. ‘पती’ हा शब्द मूळ कायद्यात वेगळ्याच जागी येतो. विवाहित स्त्रीने किंवा तिच्या पतीने मुलांची संख्या मर्यादित ठेवण्यासाठी योजलेले साधन निष्फळ ठरून गर्भ राहिला, तर त्यामुळे होणारा मनस्ताप हा तिच्या मानसिक आरोग्यास गंभीर इजा मानता येईल, असे एक स्पष्टीकरण त्यात होते. २०२१ च्या दुरुस्तीने ह्या स्पष्टीकरणातील ‘विवाहित स्त्री किंवा तिचा पती’ हे शब्द काढून त्यांच्या जागी ‘कोणतीही स्त्री किंवा तिचा जोडीदार’ असे शब्द घातले. त्याच दुरुस्तीने गर्भपाताची मर्यादा काही विशिष्ट प्रकारच्या स्त्रियांसाठी वीसवरून चोवीस आठवड्यांपर्यंत वाढविली.

सारांश असा की, कायद्याने पुरुषाला पाहिले ते संततिनियमनाची साधने वापरणारा सहकारी म्हणून. परवानगी देणारा अधिकारी ही भूमिका त्याने पुरुषाला दिलेली नाही.

घरातील पुरुष

प्रत्यक्ष व्यवहारात हे चित्र नेमके उलटे दिसते. गर्भपात करावा की नाही ह्या निर्णयात पतीचा शब्द पुष्कळदा शेवटचा ठरतो. साधने वापरण्याची जबाबदारी मात्र जवळजवळ सर्वस्वी पत्नीवर पडते.

पतीचा शब्द शेवटचा ठरण्याची कारणे उघड आहेत. दवाखान्याचा खर्च, एस.टी.चे किंवा रिक्षाचे भाडे, त्या दिवसाचा बुडणारा रोज, ह्या सर्वांसाठी लागणारा पैसा बहुधा त्याच्या हाती असतो. कोणत्या डॉक्टरकडे जावयाचे हे तो ठरवितो. घरी सासू असेल तर तिच्याशी बोलण्याचे कामही त्याचेच असते. डॉक्टरांच्या बाजूनेही एक भीती असते. उद्या काही गुंतागुंत झाली, नातेवाईक भांडावयास आले, तर कागदावर नवऱ्याची सही असलेली बरी, असा हिशेब ते करतात. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात १९९० च्या दशकात झालेल्या अभ्यासांतही, कायद्यात नसलेली ही सही मागितली जाते अशी स्त्रियांची तक्रार आढळली होती.

ह्या सहीची किंमत कोणाला मोजावी लागते? ज्या स्त्रीचा पती समंजस आहे तिला ती सहज मिळते. ज्या स्त्रीचा पती परगावी मजुरीस गेला आहे, दारूच्या आहारी गेला आहे किंवा मारहाण करतो, तिला ती मिळत नाही. म्हणजे जिला कायद्याचे संरक्षण सर्वाधिक हवे, तिच्यावरच ही अट सर्वाधिक भारी पडते. अशी स्त्री मग दिवस वाढवीत बसते, किंवा कोणा भोंदूकडे जाते.

पुरुषाचा आणखी एक सहभाग गेल्या काही दशकांत वाढीस लागला आहे. मिफेप्रिस्टोन ह्या औषधास भारतात २००२ मध्ये मान्यता मिळाली. मिसोप्रोस्टॉल ह्या दुसऱ्या औषधाच्या जोडीने ते दिल्यास सुरुवातीच्या आठवड्यांतील गर्भपात शस्त्रक्रियेवाचून होऊ शकतो. २०१५ मध्ये भारतात सुमारे १ कोटी ५६ लाख गर्भपात झाले असावेत, असा अंदाज ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ ह्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला आहे. त्यांपैकी जवळजवळ तीन चतुर्थांश गर्भपात रुग्णालयाबाहेर, गोळ्यांच्या साह्याने झाले होते. औषधांच्या दुकानात जाऊन ह्या गोळ्या आणणारा बहुधा पुरुषच असतो. चिठ्ठीवाचून घेतलेली ती पाकिटे घेऊन तो घरी येतो. गोळ्या कशा घ्यावयाच्या हे दुकानदाराने सांगितले तेवढेच त्याला ठाऊक असते. किती आठवडे झाले आहेत, गर्भ गर्भाशयातच आहे की नळीत, हे त्याने विचारलेले नसते. गर्भ नळीत असेल तर ह्या गोळ्या निरुपयोगी ठरतात आणि उपचारास उशीर झाल्यास जिवावर बेतते. अशा वेळी पुरुष नकळत डॉक्टरच्या जागी जाऊन बसलेला असतो आणि त्या जागेसाठी लागणारे ज्ञान त्याच्याजवळ नसते.

दबाव आणि त्याची कायद्याने घेतलेली दखल

नको असलेला गर्भ राखण्याची सक्ती जशी अन्यायकारक, तशीच हवा असलेला गर्भ पाडावयास लावण्याची सक्तीही अन्यायकारक होय. आपल्या देशात ही दुसऱ्या प्रकारची सक्ती मुलीच्या गर्भाच्या बाबतीत विशेष तीव्रतेने दिसून आली. सोनोग्राफीसारख्या तंत्रांचा प्रसार झाल्यावर, सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या १९९१ च्या जनगणनेत ९४५ होती ती २००१ मध्ये ९२७ वर आली. ह्या तंत्रांच्या दुरुपयोगाविरुद्ध पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला. केंद्राचा कायदा १९९४ मध्ये संमत झाला व १९९६ च्या आरंभी अमलात आला.

ह्या केंद्रीय कायद्याचे चोविसावे कलम प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. एखाद्या गर्भवतीची बेकायदा गर्भलिंगपरीक्षा झाली असेल, तर तिच्या पतीने अथवा अन्य नातेवाइकाने तिला तसे करावयास भाग पाडले, असे न्यायालयाने गृहीत धरावे आणि ते खोटे असल्यास तसे सिद्ध करण्याची जबाबदारी त्यांच्यावर राहावी, असे हे कलम सांगते. पत्नीने फॉर्मवर केलेली सही ही नेहमीच तिच्या मनाची सही असते असे नाही, ह्या वस्तुस्थितीची ती कायद्याने दिलेली कबुलीच आहे.

पुरुषाच्या मनावरील परिणाम

आतापर्यंतच्या विवेचनात पुरुष सत्ताधारी म्हणून दिसला. पण तो माणूसही आहे, आणि ह्या घटनेतून तो कोरडा बाहेर पडतोच असे नाही.

दोन मुलांचा बाप असलेला एखादा गिरणी कामगार डोळ्यांपुढे आणावा. तिसऱ्या खेपेस दिवस गेल्याचे पत्नीने सांगितल्यावर दोघांनी मिळून गर्भपाताचा निर्णय घेतला. खोली लहान आहे, धाकटे मूल अजून अंगावर पीत आहे, कारखान्यातील काम टिकेल की नाही ह्याची शाश्वती नाही. निर्णय विचारपूर्वक घेतलेला आहे. तरीही पत्नीला आत नेल्यावर तो बाहेरच्या बाकावर बसतो तेव्हा त्याला चैन पडत नाही. तिला काही झाले तर, ही पहिली भीती. ‘माझ्या निष्काळजीपणाची शिक्षा ती भोगते आहे’ ही दुसरी टोचणी. ती सुखरूप बाहेर आली की सुटल्यासारखे वाटते; आणि सुटल्यासारखे वाटले ह्याचीच मग लाज वाटते. ह्यांतील एक शब्दही तो कोणाजवळ बोलत नाही. मित्रांमध्ये हा विषय निघत नाही, आईवडिलांना कळू द्यावयाचे नसते, आणि पत्नीसमोर आपण खंबीर दिसले पाहिजे अशी त्याची समजूत असते.

अमेरिकेतील समाजशास्त्रज्ञ आर्थर शोस्टाक यांनी ह्या बाकावरच्या पुरुषाचा अभ्यास केला. ते स्वतः कधी काळी आपल्या सहचरीबरोबर अशाच प्रतीक्षागृहात बसले होते, आणि त्या अनुभवातूनच त्यांना ह्या विषयाची निकड जाणवली. सुमारे हजार पुरुषांकडून प्रश्नावली भरून घेऊन त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये आपले निष्कर्ष ग्रंथरूपाने मांडले. सोबत आलेल्या पुरुषाला रुग्णालये केवळ थांबून राहणारा माणूस समजतात. त्याच्याशी कोणी बोलत नाही, त्याला काही समजावून देत नाही आणि पुढे साधने कोणती वापरावी हेही सांगत नाही, ही त्यांची मुख्य तक्रार होती. पुरुषाशी संवाद साधला तर त्याचा लाभ स्त्रीलाच होतो, असा त्यांचा आग्रह होता.

सगळ्याच पुरुषांवर सारखाच परिणाम होतो असे मानणे चूक ठरेल. निर्णय दोघांनी मिळून, मोकळेपणाने घेतलेला असेल तर काही दिवसांची हुरहुर ओसरते आणि पुष्कळदा दोघांमधील विश्वास वाढतो. पत्नीवर दडपण आणून निर्णय घ्यावयास लावणाऱ्या पुरुषाच्या वाट्याला तिचा अबोला येतो, आणि तो कित्येकदा वर्षानुवर्षे टिकतो. ज्याला मूल हवे होते पण पत्नीला नको होते, त्याचे दुःख निराळ्या प्रकारचे असते. त्या दुःखाला समाजात नाव नाही. ते खोटे आहे असे म्हणण्याचे कारण नाही; मात्र त्या दुःखाच्या बळावर दुसऱ्याच्या शरीरावर हक्क सांगता येत नाही, एवढे समजून घ्यावे लागते.

न्यायालयांचा कौल

हाच प्रश्न न्यायालयांपुढेही आला. आपल्या संमतीवाचून पत्नीने गर्भपात केला म्हणून एका पतीने पत्नी, तिचे माहेरचे लोक व डॉक्टर यांच्याविरुद्ध भरपाईचा दावा लावला होता. पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने २०११ मध्ये तो टिकण्याजोगा नसल्याचे ठरविले. पत्नीने वैवाहिक संबंधास संमती दिली म्हणजे मूल जन्मास घालण्याचीही संमती दिली असा अर्थ होत नाही, असे त्या न्यायालयाचे मत होते. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालात हस्तक्षेप करण्याचे नाकारले. तत्पूर्वी २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच, मूल होऊ द्यावे की नाही हे ठरविण्याचा स्त्रीचा अधिकार हा राज्यघटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदातील व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग असल्याचे म्हटले होते. २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात त्याने अविवाहित स्त्रियांनाही विवाहितांप्रमाणेच कायद्याचा लाभ दिला आणि कायद्यात नसलेल्या अटी, कुटुंबीयांच्या संमतीसारख्या, डॉक्टरांनी घालू नयेत असे बजावले.

ह्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. २००७ मध्ये एका घटस्फोटाच्या प्रकरणात मानसिक क्रौर्याची उदाहरणे देताना सर्वोच्च न्यायालयाने, वैद्यकीय कारण नसताना पतीला न सांगता पत्नीने केलेल्या गर्भपाताचा त्यांत समावेश केला. त्याचबरोबर पत्नीला न सांगता पतीने करून घेतलेल्या नसबंदीचाही केला. ह्यांतून दोन गोष्टी वेगवेगळ्या दिसतात. पतीला निर्णय रोखण्याचा अधिकार नाही. परंतु संसारात परस्परांना विश्वासात घेणे ही दोघांचीही जबाबदारी आहे.

अन्य देशांतही बव्हंशी हाच मार्ग स्वीकारला गेला. पत्नीचा गर्भपात थांबविण्याची पतीची मागणी इंग्लंडमधील न्यायालयाने १९७८ मध्ये फेटाळली. गर्भाच्या जनकास अशी मनाई मागण्याचा हक्क नाही, असा निर्णय कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये दिला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पतीच्या संमतीची अट १९७६ मध्ये, आणि पतीला कळविण्याची अट १९९२ मध्ये रद्द केली; मारहाणीच्या भीतीखाली राहणाऱ्या स्त्रियांना ती अट जाचक ठरेल, असा विचार त्यामागे होता. २०२२ मध्ये त्या न्यायालयाने गर्भपाताचा घटनात्मक हक्कच काढून घेतल्यामुळे तेथील परिस्थिती आता पालटली आहे. जपान व तुर्कस्तान ह्या देशांच्या कायद्यांत मात्र विवाहित स्त्रीसाठी पतीच्या संमतीची तरतूद अद्याप आहे.

जबाबदारीची खरी जागा

पुरुषाचा सहभाग कोठे हवा ह्याचे उत्तर १९७१ च्या कायद्यातील त्या एका स्पष्टीकरणातच सापडते. ते म्हणजे गर्भ राहण्याच्या आधी.

एके काळी भारतीय पुरुष ह्या बाबतीत मागे नव्हता. केरळमधील एर्नाकुलम येथे जुलै १९७१ मध्ये भरलेल्या शिबिरात ६३,००० हून अधिक पुरुषांनी नसबंदी करून घेतली होती. पुढे आणीबाणीच्या काळात, १९७६–७७ ह्या एका वर्षात, सुमारे ६२ लाख पुरुषांवर ही शस्त्रक्रिया झाली. तीत सक्तीचा भाग फार मोठा होता. त्या सक्तीची धास्ती लोकांच्या मनात अशी बसली की पुरुषांनी ह्या मार्गाकडे पाठच फिरविली. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, विवाहित जोडप्यांपैकी जवळजवळ ३८ टक्क्यांमध्ये स्त्रीची नसबंदी झालेली आढळली. पुरुषाची नसबंदी झालेली जोडपी अवघी ०.३ टक्के होती. वास्तविक पुरुषाची शस्त्रक्रिया अधिक सोपी असते. बिनटाक्याच्या पद्धतीत ती जागेवरच भूल देऊन काही मिनिटांत होते आणि माणूस त्याच दिवशी घरी जातो. मात्र तिचा परिणाम तत्काळ होत नाही. सुमारे तीन महिने दुसरे साधन वापरून वीर्याची तपासणी करून घ्यावी लागते. त्याच पाहणीत निरोधाचा वापर करणारी जोडपी दहा टक्क्यांच्या आत होती, आणि संततिनियमन ही बायकांची बाब असून पुरुषाने तिची काळजी करण्याचे कारण नाही, असे मानणारे पुरुष एक तृतीयांशाहून अधिक होते.

जो विषय आपला नाही असे पुरुष आधी मानतो, त्याच विषयात नंतर शेवटचा शब्द मात्र आपला असावा अशी त्याची अपेक्षा असते. ह्या विसंगतीतच गर्भपाताच्या प्रश्नातील पुष्कळसे दुःख साठलेले आहे.

गर्भपाताचा प्रसंग आलाच, तर पुरुषाला करण्याजोगे पुष्कळ आहे. पत्नीचे म्हणणे आपले मत सांगण्यापूर्वी पूर्ण ऐकून घ्यावे. विलंब टाळावा, कारण जितके आठवडे कमी तितका गर्भपात सुरक्षित असतो. गोळ्या परस्पर आणण्याऐवजी पत्नीला मान्यताप्राप्त केंद्रात तपासणीस न्यावे. घरी परतल्यावर पाण्याचे हंडे, स्वयंपाक, मुले ह्यांचा भार काही दिवस स्वतः उचलावा. तासाला दोन घड्या भिजतील इतका रक्तस्राव सलग दोन तास झाला, ताप चढला किंवा स्रावाला दुर्गंधी आली तर रात्र असली तरी तिला रुग्णालयात न्यावे. गर्भपातानंतर दोन-तीन आठवड्यांतच पुन्हा दिवस राहू शकतात हे ध्यानात ठेवून साधनाची निवड त्याच भेटीत दोघांनी करावी, आणि ते साधन आपण वापरावयाचे ठरविले तर त्यात कमीपणा मानू नये.

डॉक्टरांनीही बाहेरच्या बाकाकडे एकदा पाहावे. स्त्रीशी आधी एकांतात बोलून तिची इच्छा जाणून घ्यावी. नंतर, तिची हरकत नसेल तर, तिच्या जोडीदाराला आत बोलावून सर्व समजावून द्यावे. हा क्रम महत्त्वाचा आहे. तो पाळला तर स्त्रीच्या संमतीला धक्का लागत नाही आणि पुरुषही परका राहत नाही.

फॉर्मवर सही एकीचीच राहणार, आणि तशीच ती राहिली पाहिजे. त्या सहीपर्यंत येण्याची वेळ शक्यतो येऊ न देणे आणि आलीच तर तिच्या बरोबर राहणे, ही पुरुषाची जबाबदारी होय. तिच्यासाठी कोणत्याही कागदावर त्याच्या सहीची गरज लागत नाही.